रातकिडे ऐकू येईनासे झाले : इअरफोन आणि आपले कान

सड्यावरचा_पाऊस | १४ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. गेल्या आठवड्यात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कणकवलीपासून थोडी आत आमची वाडी. पावसात लाईट जाणं इथे रोजचंच. त्या रात्रीही गेली. आई, मी आणि ताईची सात वर्षांची मुलगी पडवीत बसलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, पन्हळीतून थेंब गळत होते, मागच्या कुणग्यात बेडूक ओरडत होते. भाची म्हणाली, "मामा, हे रातकिडे झोपतात कधी?" मी विचारलं, "कुठले रातकिडे?" दोघी माझ्याकडे बघायलाच लागल्या. आई म्हणाली, "अरे, कान किटले माझे. आणि तुला ऐकू येत नाहीत?"

बेडूक ऐकू येत होते, थेंब ऐकू येत होते, लांब हायवेवर चढ चढणारा ट्रकसुद्धा ऐकू येत होता. रातकिडे नाहीत. अंगणात उतरलो, मग माडाच्या आळ्यापर्यंत गेलो. तिथेही काही नाही. अंधारात उभा राहून मी कान ताणत होतो आणि माझ्याभोवती सगळं रान किरकिरत होतं, हे मला आईच्या सांगण्यावरून कळत होतं.

वय २९. कॉलेज आणि पहिली नोकरी मुंबईत. डोंबिवली ते दादर, येऊन-जाऊन अडीच तास लोकल आणि कानात इअरफोन. लोकलच्या खडखडाटावर गाणं ऐकू यायला हवं, म्हणून आवाज जवळजवळ पूर्ण. २०२० पासून गावी राहून घरून काम करतो. दिवसाला पाच-सहा तास मीटिंगा. मागच्या खोलीवर पत्रा आहे. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग आवाज वाढवायचा. रात्री गाणी लावून झोपायचं, कित्येकदा इअरफोन सकाळपर्यंत कानातच.

काल तालुक्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवतात, हातात बटण देतात आणि बारीकसा आवाज आला की दाबायला सांगतात. सुरुवातीला पटापट दाबत गेलो. मग एका टप्प्यावर बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. काचेपलीकडे पाहिलं तर तपासणाऱ्या बाई आवाजाचा खटका वाढवत चालल्या होत्या.

नंतर तो कागद हातात आला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. हर्ट्झ म्हणजे आवाज किती उंच पट्टीतला, डेसिबल म्हणजे किती मोठा, आणि खूण जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. २५० पासून २००० हर्ट्झपर्यंत सगळं वर, १०-१५ डेसिबलच्या रेघेला धरून. ४००० ला उजवा कान धाडकन ४५ पर्यंत खाली, डावा ४०. आणि ८००० ला दोन्ही पुन्हा २० पर्यंत वर. डॉक्टरांनी पेनाचं टोक त्या खड्ड्यात ठेवलं आणि म्हणाले, "हा आवाजाचा मार आहे. गेलंय ते परत आणता येणार नाही, आहे ते सांभाळायचं."

दोन दिवस नीट झोप नाही. इथे कुणाला असा अनुभव आहे का? काम तर सोडता येत नाही. आहे ते सांभाळायचं म्हणजे नक्की काय करायचं?

खाडीपलीकडे | १४ जुलै, रात्री ११:५१

वाचता वाचता कानातले काढून ठेवले. सकाळी बाहेर जाऊन काय काय ऐकू येतंय ते बघणार आहे. लवकर सावरा.

कानाशी_मैत्री | १५ जुलै, सकाळी ७:१०

सड्यावरचा पाऊस, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, रत्नागिरीत काम करते. तुम्ही कागद इतका नीट वाचून दाखवलात की मला तो डोळ्यांसमोर दिसतोय. असे कागद आता विशी-तिशीतल्या मुलांचे येतात. पूर्वी हा खड्डा प्रामुख्याने इंजिनावर किंवा कारखान्यात काम केलेल्या माणसांच्या कागदावर दिसायचा.

आधी हे का झालं ते सांगते. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यात जन्मतः साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. दोन्ही कानांच्या मिळून नव्हे, एकेका कानात तेवढ्याच. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोटींनी असतात, त्यामानाने ही पुंजी फारच थोडी. आणि माणसाच्या कानात त्या नव्याने उगवत नाहीत. मोठ्या आवाजानंतर कान दडे बसल्यासारखे होतात, शिट्टी वाजते आणि सकाळपर्यंत बरं वाटतं, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असेल. वाऱ्याने भात आडवं पडावं आणि पुन्हा उभं राहावं, तसं ते असतं. पण रोज तेच झालं तर काही काड्या मोडतात आणि मोडलेली काडी उभी राहत नाही.

४००० लाच खड्डा का, तर आपल्या कानाची बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची आहे आणि ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिच्यात आपोआप वाढतो. त्याचा मार त्याच्या थोडा वरच्या पट्टीला बसतो. रातकिड्यांची किरकिर उंच पट्टीतली, बेडकांचा आवाज खालचा. म्हणून तुम्हाला एक ऐकू आला, दुसरा नाही. त्या रात्री पडवीत तुमच्या भाचीने तुमची तपासणीच केली म्हणायची.

आता करायचं काय. कानाला आवाज किती मोठा आणि किती वेळ, हे दोन्ही मिळून लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा धरली आहे. इथून पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ९० ला ४ तास. १०० ला पोचलात तर आठवड्याभराची सगळी मिळून वीसेक मिनिटं, आणि बरेच फोन पूर्ण आवाजावर शंभराच्या पुढे जातात. लोकांना वाटतं, ८० आणि ९० मध्ये फरक तो किती. कानाच्या हिशेबात तो दहापट आहे.

तुमच्या फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंद मिळत असेल तर आधी ती काढून बघा. पुढचं त्यावरून बोलू.

करबुड्याचा_बोगदा | १५ जुलै, सकाळी ९:३५

ताईंनी फार सोप्या भाषेत सांगितलं, आभार. मी दर आठवड्याला रत्नागिरी-पनवेल करतो, बहुतेक वेळा जनरलच्या डब्यात, खिडक्या उघड्या. कोकण रेल्वेला नव्वदच्या वर बोगदे. एकट्या करबुड्याचाच साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली की भिंतीवरून आवाज उलटा येतो आणि शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. माझं बोट आपसूक आवाजाच्या बटणावर जातं. बोगदा संपतो, पण बोट परत खाली येत नाही. पुढच्या बोगद्यात आणखी एक काडी वर. काल रात्री धागा वाचल्यावर लक्षात आलं की पनवेलला उतरताना आवाज कुठे असतो.

ते नॉईज कॅन्सलिंग म्हणतात ते खरंच उपयोगाचं आहे, की नुसती जाहिरात?

कानाशी_मैत्री | १५ जुलै, दुपारी १:४०

उपयोगाचं आहे, आणि तुमच्यासारख्या प्रवासाला तर नक्कीच. त्यातला छोटा माईक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी लहर आत सोडतो, दोन्ही एकमेकींना खातात. इंजिनाची घरघर, गाडीची घूं, पंखा असे खालच्या पट्टीतले एकसारखे आवाज ते चांगलं कापतं. अचानकचा हॉर्न, माणसांचं बोलणं, भांड्याचा खणखणाट तितकासा नाही. बाहेर शांत झालं की तेच गाणं निम्म्या आवाजावर पुरतं, खरा फायदा तो. पैसे कमी असतील तर कानाच्या मापाचं रबरी टोक नीट बसवलेला साधा इअरफोनही बाहेरचा आवाज बराच अडवतो. पाकिटात तीन मापांची टोकं येतात ती फेकू नका, प्रत्येक कानाला लावून बघा. उजव्या-डाव्या कानाचं माप वेगळं असू शकतं.

आणि एक सवय. आवाज नेहमी शांत जागी लावायचा. घरातून निघताना, मागच्या दाराशी, जिथे काही गडबड नाही तिथे. तेवढ्यावर गाणं नीट ऐकू आलं की बोट उचलायचं. प्रवासात तो पुरेनासा वाटला तर गाणं बंद करायचं, आवाज वाढवायचा नाही. पत्र्याखालच्या पाऊसवाल्यांनाही हेच.

हे लावून रस्त्याने चालू नका, दुचाकी तर अजिबात नको, आणि रेल्वेचे रूळ ओलांडताना कानात काहीही नको.

मालवणी_वारा | १५ जुलै, रात्री ८:१५

आमची ट्रॉलर आहे, बाबा तीस वर्षं तांडेल. डिझेल इंजिनाच्या बाजूला झोपायचं, जेवायचं, तिथेच रात्र काढायची. आता मासेमारी बंदीचे दिवस, बोटी वर ओढलेल्या, बाबा दिवसभर घरात. टीव्हीचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. आई काही सांगायला गेली की म्हणतात, "माका ऐकाक येता, तुमीच पुटपुटतास." दिवसातून दहादा. आता आई बोलायचंच टाळायला लागली आहे. ते बघवत नाही.

आणि बोटीवरची नवीन पोरं काय करतात? इंजिनाच्या वर ऐकू यावं म्हणून कानात ब्लूटूथ घालून पूर्ण आवाज. बाबांना तीस वर्षं लागली, या पोरांना दहासुद्धा लागणार नाहीत.

कानाशी_मैत्री | १५ जुलै, रात्री ९:०५

मालवणी वारा, बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना आवाज येतोच, शब्द येत नाहीत. आ, ओ, उ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट पोचतात. स, श, फ, थ, ट, क ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळात हलकी. तास, ताक, ताप, ताट, चारही शब्द त्यांच्यापर्यंत "ता" एवढेच पोचतात, मागचं त्यांनी अंदाजाने भरायचं. घरात शांतता असेल तर अंदाज जमतो, चार माणसं बोलत असतील तर जमत नाही. म्हणून ते सगळेजण पुटपुटतात असं म्हणतात, आणि त्यांच्या कानाला ते खरंच तसं असतं.

आईंना सांगा, ओरडून बोलू नका. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं होत नाहीत. समोर येऊन, तोंड दिसेल असं, थोडं सावकाश बोला, आणि बोलताना टीव्ही बंद. त्यांची तपासणी मात्र करून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२० च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १२ कारणं सांगितली आहेत, त्यात कमी ऐकू येणं आहे. कानाला यंत्र लागलं तर लावणं हे निव्वळ ऐकण्यापुरतं नाही, माणसांत राहण्यासाठी आहे.

बोटीवरच्या पोरांना फोमचे इअरप्लग आणून द्या, स्वस्त मिळतात. घालायची रीत महत्त्वाची. दोन बोटांत घोळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवलेला प्लग काही कामाचा नाही.

निवांत_दापोली | १६ जुलै, सकाळी ६:५०

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. वय ५२. वॉकमनच्या काळापासून कानात काही ना काही आहे, रोज तीन-चार तास. मला सगळं ऐकू येतं. आमच्या लग्नांत बँड, शिमग्याला ढोल, पालखीपुढे रात्ररात्र नाचलो. पूर्वीची माणसं काय बहिरी झाली? मुलांना उगाच घाबरवू नये असं वाटतं.

सड्यावरचा_पाऊस | १६ जुलै, सकाळी ८:२०

काका, राग नाही. पण चार दिवसांपूर्वी मीसुद्धा हेच म्हटलं असतं, अगदी याच शब्दांत. मला फोन ऐकू येतो, गाणी ऐकू येतात, मीटिंगमध्ये कधी अडलं नाही. कान दुखला नाही, खाज नाही, काहीच नाही. ती रात्र शांत नसती तर अजून पाच वर्षं मला कळलं नसतं. एकदा तपासणी करून घ्या ना. सगळं वर निघालं तर मला तुमच्यापेक्षा जास्त बरं वाटेल.

कानाशी_मैत्री | १६ जुलै, दुपारी २:१५

निवांत दापोली, तुमचा प्रश्न बरेच जण विचारतात. सगळ्यांचे कान सारखे नसतात हे खरं. त्याच आवाजात एकाचे टिकतात, दुसऱ्याचे जातात. अडचण अशी की आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कळत नाही.

दुसरं थोडं किचकट आहे, पण सांगते. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांना मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना जोडलेली मज्जातंतूंची टोकं मोठ्या संख्येने कायमची गेलेली आढळली. म्हणजे साध्या तपासणीत सगळं ठीक दिसूनही आत नुकसान झालेलं असू शकतं. माणसांत हे कितपत घडतं यावर अभ्यास चालू आहे. पण "तपासणी चांगली आली, पण गर्दीत बोललेलं कळत नाही" असं सांगणारे आमच्याकडे येतात, तेव्हा मला हे आठवतं.

शिमग्याचा ढोल वर्षातून काही दिवस. त्याआधी आणि नंतर कानाला विश्रांती मिळायची. रात्री दहाला वाडी शांत व्हायची. आता ती शांतताच राहिली नाही, ढोल संपला की पोरं कानात इअरफोन घालून झोपतात.

निवांत_दापोली | १६ जुलै, सायंकाळी ७:३०

विश्रांतीचा मुद्दा पटला. तो मी कधी धरलाच नव्हता. तपासणीला जातो.

चिऱ्याची_खाण | १७ जुलै, रात्री १०:००

मी खाणीवर मुकादम आहे. जांभ्याचा चिरा कापायच्या मशीनचा आवाज ज्यांनी जवळून ऐकला त्यांना माहीत आहे, पातं दगडात उतरलं की दात शिवशिवतात. दिवसभर तिथे असतो. घरी आलो की कान जड, म्हणून गाणी मोठ्याने लावतो, ती बरी वाटतात. ताईंचं वाचून कळलं की मी दिवसाचा कोटा खाणीतच संपवून येतो आणि वर गाण्यांची भर घालतो. हे कुणी सांगितलं नव्हतं. उद्यापासून आमच्या नऊही माणसांना प्लग. धुळीसाठी रुमाल बांधतो तर कानासाठी का नाही?

दोन_पिल्लांची_आई | १८ जुलै, दुपारी १२:१५

चिपळूणहून. माझा मोठा मुलगा अकरा वर्षांचा. अभ्यासाचे व्हिडिओ, गेम, सगळं कानात घालून. काढ म्हटलं तर "आई, तुलाच आवाजाचा त्रास होतो म्हणून घालतो" म्हणतो आणि ते खरंही आहे, मीच त्याला दिले. मुलांसाठी किती आवाज चालतो? फोनमध्येच बंदी घालता येते का?

कानाशी_मैत्री | १८ जुलै, दुपारी ३:५०

मुलांसाठी ७५ डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, मोठ्यांपेक्षा खाली. "मुलांचे हेडफोन" म्हणून मिळतात त्यातल्या बऱ्याचशांवर ८५ ची मर्यादा लिहिलेली असते. तेवढ्यावर विसंबून तासन् तास ऐकू देऊ नका.

फोनमध्ये सोय आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये साउंड्सखाली हेडफोन सेफ्टी असतं, तिथे ७५ पासून १०० पर्यंत हवी ती कमाल मर्यादा घालता येते. सॅमसंगमध्ये मीडिया व्हॉल्यूम लिमिट आहे, त्याला पासवर्डही लावता येतो. बाकीच्या अँड्रॉइडवर आवाज ठरावीक पातळीच्या वर नेला की सूचना येते. ती सूचना "ओके" दाबून घालवण्यासाठी नसते.

घरगुती ओळख अशी : त्याच्या कानात गाणं चालू असताना हाताच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. त्याला कळलं नाही तर आवाज जास्त आहे. मात्र नॉईज कॅन्सलिंगवाल्या हेडफोनला ही परीक्षा लागू पडत नाही. आणि शक्य असेल तेव्हा त्याला स्पीकरवरच ऐकू द्या. त्याचा थोडा आवाज तुम्ही सोसा. त्याच्या कानांसाठी तो सोसण्यासारखा आहे.

दोन_पिल्लांची_आई | १८ जुलै, दुपारी ४:२०

सोसते ताई. आज संध्याकाळीच मर्यादा घालते.

पेटी_पखवाज | १९ जुलै, रात्री ११:३०

भजनी मंडळात पखवाज वाजवतो, डबलबारीला जातो. समोरासमोर दोन मंडळं, मध्ये स्पीकरच्या भिंती, पहाटेपर्यंत. घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी, इतकी वर्षं सकाळी जायची. दोन महिने झाले, जात नाही. दिवसा कळत नाही, रात्री वाडी शांत झाली की फक्त तीच ऐकू येते. झोपेसाठी कानात इअरफोन घालून अभंग लावतो, म्हणजे ती झाकली जाते. हे चुकतंय का?

कानाशी_मैत्री | २० जुलै, सकाळी ७:४५

चुकतंय, पण तुमचा विचार बरोबर दिशेला आहे. शिट्टी पूर्ण शांततेत जास्त टोचते, म्हणून मागे हलका आवाज असलेला बराच. तो कानाबाहेरून येऊ द्या. पंखा, पाऊस, खोलीच्या कोपऱ्यातला रेडिओ, शिट्टी पूर्ण झाकली जाणार नाही एवढाच मंद. ती झाकण्यासाठी कानात मोठा आवाज सोडला तर मूळ दुखणं वाढतं.

कायमची घालवणारी खात्रीची गोळी नाही. कुणी तशी हमी देऊन पैसे मागितले तर देऊ नका. मात्र तपासणी हवीच. शिट्टी एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल तर लगेच डॉक्टर गाठा. डबलबारीला प्लग घाला. वादकांसाठी वेगळे प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या सारख्याच कमी करतात, त्यामुळे पखवाजाचा नाद बोथट होत नाही. आणि स्पीकरच्या तोंडापासून बाजूला बसा. चार पावलांचाही फरक पडतो.

हर्णैकर | २० जुलै, सायंकाळी ६:०५

थोडं विषयाच्या कडेचं आहे, पण सांगणं माझं कर्तव्य समजतो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तर डावा कान बंद. आदल्या रात्री इअरफोन घालून झोपलो होतो, वाटलं मळ आत ढकलला गेला. घरच्यांनी लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल सोडलं. मग मेडिकलमधून थेंब आणले. तीन आठवडे गेले. शेवटी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा म्हणाले, मळ नव्हताच, आतली नस गेली, पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं. डावा कान तेव्हापासून नाही. पाठीमागून गाडी कुठल्या बाजूने येते ते मला आता कळत नाही. कान अचानक बंद झाला तर त्याच दिवशी निघा. एसटी नसली तर रिक्षा करा.

कानाशी_मैत्री | २० जुलै, रात्री ८:४०

हर्णैकर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. सगळ्यांनी लक्षात ठेवा, अचानक आलेला बहिरेपणा ही तातडीची बाब आहे. वेळेत स्टिरॉइड सुरू केलं तर ऐकू परत येण्याची शक्यता असते, आणि ती दर दिवसाला कमी होत जाते.

तेलाबद्दल : पडद्याला भोक असेल आणि आपल्याला माहीत नसेल, तर ते तेल थेट मधल्या कानात जातं. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कानात बुरशीही फार होते. त्यात रबरी टोकाने कान तासन् तास बंद, आत घाम. खाज सुटते, मग काडी, मग पिन. कान ओला असताना इअरफोन घालू नका, टोकं काढून धुवून पूर्ण वाळवा, दुसऱ्याचे वापरू नका. आणि कानात काडी घालू नका, कापसाचीही नको.

करबुड्याचा_बोगदा | २१ जुलै, सकाळी १०:१०

कान मोकळे ठेवणारे, गालाच्या हाडावर बसणारे हेडफोन आलेत. त्यांनी कान वाचतात का?

कानाशी_मैत्री | २१ जुलै, दुपारी १:०५

कानाची नळी मोकळी राहते, त्यामुळे बुरशी-घामाचा त्रास कमी आणि रस्त्यावरचं ऐकू येतं. पण हाडातून गेला तरी आवाज त्याच शंखात, त्याच केसपेशींपर्यंत पोचतो. मोठा लावला तर नुकसान तेच.

सड्यावरचा_पाऊस | २४ जुलै, रात्री ९:५५

ताई, नोंद काढली. फोनच्या हेल्थ ॲपमध्ये सापडली. गेल्या महिन्यातल्या एका आठवड्यात सरासरी ८६ डेसिबल आणि वेळ ३१ तास. ८६ ला १० तास, म्हणजे मी तिप्पट वापरत होतो. आणि तो आठवडा पावसाचा होता, ओळ बघूनच आठवला.

आता केलेलं असं. कामाचं टेबल पत्र्याच्या खोलीतून काढून माजघरात आणलं, तिथे वर कौलं आणि माळा आहे, पाऊस कितीही लागला तरी धो धो वाजत नाही. हे पाच वर्षांत सुचलं नव्हतं, इअरफोन होता म्हणून सुचायची गरजच पडली नाही. दार लावून मीटिंगा लॅपटॉपच्या स्पीकरवर. आईला थोडा त्रास होतो, पण ती म्हणते, तुझा साहेब काय बोलतो ते मला आता पाठ झालंय. गाणी दिवसाला तासभर, फोनवर ७५ ची मर्यादा. झोपताना काहीही नाही. पहिले आठ दिवस ती शांतता खायला उठायची. आता पावसाच्या आवाजाने झोप लागते.

मालवणी_वारा | २५ जुलै, सकाळी ८:००

बाबांना तपासणीचं विचारलं. उठून बाहेर गेले. पुन्हा विचारीन.

कानाशी_मैत्री | २५ जुलै, सकाळी ११:३०

विचारत राहा. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची संस्था आहे, केंद्र सरकारची. आणि जागतिक आरोग्य संघटनेचं हिअरडब्ल्यूएचओ हे ॲप आहे, त्यात गोंगाटात म्हटलेले आकडे ओळखायचे असतात. ती तपासणीला पर्याय नाही, पण "बघूया किती आकडे ओळखता येतात" म्हणून वडिलांसमोर फोन धरता येईल. आकडे इंग्रजीत असतील तर नातवंडाला शेजारी बसवा.

सड्यावरचा_पाऊस | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

धागा वर काढतोय. काल पुन्हा तपासणी झाली. उजवा ४५, डावा ४०. लाल गोल आणि निळी फुली जिथे होती तिथेच. डॉक्टरांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले, जुळले. म्हणाले, "असंच ठेवा."

संध्याकाळी भाची आली होती. अंधार पडल्यावर तिने माझा हात धरला आणि मांगराकडे नेलं, म्हणाली, "इथे एक आहे, मोठा." मला काही येत नव्हतं. तिने मला लाकडांच्या थराशी खाली बसवलं, अगदी तोंड लाकडाला लागेल इतकं जवळ. आणि आला. बारीक, तुटक, पण आला. दोन हातांवरून. मी जरा मागे सरलो की जायचा, पुढे वाकलो की यायचा. तिथे पंधरा-वीस मिनिटं बसलो असेन. आईला तोच किडा पडवीतून ऐकू येत होता.

कानाशी_मैत्री | १९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

बदल नाही, ही या कागदावरची सगळ्यात चांगली बातमी. सहा महिन्यांनी पुन्हा करा. भाचीला माझा आशीर्वाद.

मालवणी_वारा | २० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

तुमचं रातकिड्याचं बाबांना वाचून दाखवलं, समोर बसून, सावकाश, टीव्ही बंद करून. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मशीन नको माका. नुसती तपासणी करतंय." परवा वारा आहे, बोट बंदरातच राहणार. परवाच नेतोय.